किल्ली फिरवल्यावरचा लाल दिवा

मोटारीची किल्ली अर्धी फिरवली की समोरच्या पट्टीवर एक छोटा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. इंजिनात ऑइलचं प्रेशर नाही, असं तो सांगतो. प्रेशर आलं की त्याचं काम संपलं. पुढे चालत्या गाडीत तो पुन्हा लागला तर मुकाट्याने गाडी उभी करायची, नाहीतर इंजिन कोरडं चालून आवळतं आणि बसतं. हे मला सव्विसाव्या वर्षी नीट कळलं. कळलं तेव्हा त्याचा कुणाला उपयोग राहिला नव्हता.

आमचं घर निपाणीत. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं पोती उचलली. ते संध्याकाळी घरात शिरले की आधी आम्हाला शिंक यायची, मग ते दिसायचे. आई लवकर गेली. मागे आम्ही दोन भाऊ, अण्णा थोरला आणि मी. आप्पांचा एकच हट्ट होता. "वखारीच्या दारात माझ्या पोरांचं पाऊल पडायचं न्हाई. माझ्या पाठीवर चढली तेवढी पोती बास झाली," असं ते म्हणायचे, आणि आमच्याकडून जेवता जेवता ते कबूल करून घ्यायचे. मी आयटीआय करून बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पाइप फिटर म्हणून लागलो. अण्णा ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला त्याने स्वतःची एक जुनी गाडी घेतली. निपाणी-बेळगाव, निपाणी-कोल्हापूर भाड्याने मारायचा. गाडी आली त्या दिवशी आप्पा धुवट सदरा घालून मागच्या सीटवर तासभर बसले. कुठं जायचं विचारलं तर म्हणाले, "कुठं न्हाई. नुसता बसतो."

वर्षभराने त्या गाडीचा लाल दिवा त्रास द्यायला लागला. गाडी उभी राहून इंजिन मंद चालत असलं की लुकलुकायचा, पुढे पुढे तर धावतानाही लागून राहायचा. निपाणीच्या स्टँडजवळच्या मिस्त्रीने दुरूनच निकाल दिला की बेअरिंग गेलं, इंजिन खोलावं लागेल आणि गाडी दोन महिने उभी राहील. अण्णाचं तोंड उतरलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी तो गाडी घेऊन उद्यमबागेत आला आणि म्हणाला, "तू जरा बघ रं."

मला त्या मिस्त्रीचा रागच आला. न मोजता बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासून राग आहे. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचं एक जादा पडलेलं प्रेशर गेज मी फोरमनला विचारून घेतलं. इंजिनाच्या कुशीत मोठ्या सुपारीएवढा एक स्विच बसवलेला असतो. त्याच्या डोक्यावर दिव्याची एकच वायर येते. तो स्विच काढून त्या भोकात मी गेज बसवलं आणि अण्णाला इंजिन सुरू करायला सांगितलं. काटा चाळिसावर जाऊन उभा राहिला. इंजिन चांगलं तापू दिलं, मंद केलं, तरी विसाच्या खाली उतरला नाही. बेअरिंग झिजलं असतं तर काटा पडला असता. ते ठणठणीत होतं. लबाडी स्विचची होती. आतला पडदा फाटला होता, स्विच तेलाने चिकट झाला होता आणि प्रेशर असून नाही म्हणत होता.

बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा स्विच आणला. अण्णाने खिशातला धुतलेला रुमाल काढून बॉनेट पुसायला घेतलं. तो फार खूश असला की गाडी पुसायचा.

आता जे केलं ते सांगतो. आमच्या खात्यात कुठलाही आटा कोरडा बसवणं म्हणजे अडाणीपणा. वाफेची लाइन असो, हवेची असो, पाण्याची असो, आट्यांवर सूत गुंडाळायचं, वरून सफेदा, म्हणजे वाळून घट्ट होणारा पांढरा लेप, चोपडायचा आणि मग पान्याने आवळायचं. माझ्या हातचा जोड गळत नाही, अशी माझी ख्याती होती आणि ती मीच पसरवलेली होती. नव्या स्विचचे आटे नागडे होते. ज्याने बनवला त्याला अक्कल नाही असं मी अण्णाला ऐकवलं. मग सूत घेतलं, नेहमी पाच वेढे द्यायचो तिथे सात दिले, सफेदा लावला आणि मनगट दुखेपर्यंत आवळलं. भावाची गाडी होती. त्या जोडातून पुढे तेलाचा एक थेंब आला नाही.

पुढच्या सुट्टीला निपाणीला गेलो तर अण्णा जेवताना आप्पांना आणि वहिनीला सांगत होता, "दिवा आता लागतच न्हाई बगा. किल्ली फिरवली तरी न्हाई. लई बेस काम केलंय ह्येनं." आप्पा माझ्याकडे बघून हसले. माझी छाती फुगली आणि मी एक भाकरी जास्त खाल्ली. किल्ली फिरवली तरी न्हाई. सगळं त्या चार शब्दांत होतं. त्याने ते मोठ्याने सांगितलं, मी दोन्ही कानांनी ऐकलं. पण तो दिवा आम्हाला इतके महिने छळत होता की तो लागत नाही म्हणजे दुखणं गेलं, एवढंच आम्हा दोघांना कळलं.

चारेक महिन्यांनी एका दुपारी आप्पा जेवून हात धुवायला उठले आणि भिंतीला टेकून खाली बसले. अंगाला दरदरून घाम सुटला होता. डावा हात उजव्या हाताने धरला होता. मी सुट्टीला आलो होतो, अण्णाही नुकताच भाडं सोडून आला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या, वेळ लावू नका, म्हणाले. आप्पांना मागच्या सीटवर झोपवलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अण्णाने किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. गाडी निघाली.

संकेश्वरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. खडीचा ढीग चुकवताना गाडीच्या पोटाला खालून काहीतरी जोरात लागलं. अण्णाने मान वळवली. "लागलं काय रं खाली?" मी पुढे वाकून पट्टीकडे बघितलं. "दिवा न्हाई लागलेला. चल."

वंटमुरीचा घाट मागे पडला तेव्हा इंजिनातून ठक ठक असा आवाज यायला लागला. अण्णाने पाय सैल केला. "आवाज येतोय. थांबून बघू का?" आप्पांचा श्वास वरच्या वर चालला होता, हाताला लागत होता. मी पुन्हा दिव्याकडे बघितलं आणि वैतागून ओरडलो, "दिवा लागलाय का? न्हाई न्हवं? मग चल की!" घरात यंत्रातलं कळणारा मी. अण्णाने ऐकलं.

काकती दोन-तीन मैलांवर असताना इंजिन एक हिसका देऊन बसलं. अण्णा किल्ली फिरवत राहिला. नुसता खटका वाजत होता.

तो रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तीन गाड्या त्याला वळसा घालून गेल्या, एवढं आठवतं. मग रिकाम्या टोपल्या घेऊन चाललेला एक ट्रक थांबला. अण्णा पुढे ड्रायव्हरजवळ बसला. आप्पांना घेऊन मी मागे टोपल्यांत बसलो. काकती मागे पडलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "गाडी?"

"मागं हाय, आप्पा."

"काचा वर कराया सांग त्येला. धूळ बसंल." त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

दवाखान्यातल्या डॉक्टरने नाडी बघितली, डोळे बघितले आणि कन्नडात म्हणाला, थोडं आधी आणायला हवं होतं. हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात, हे पुढे मला कळलं. चार आण्याची किंमत नाही त्या वाक्याला. पण अण्णा ते ऐकून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मी खांद्याला हात लावला तरी वळला नाही. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपल्यावर तो बसने काकतीच्या अलीकडे गेला, गाडीच्या चारी काचा वर केल्या आणि परत आला. आप्पांचा निरोप मी त्याला सांगितला होता.

मला रडू आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात बुद्धवंदना चालली होती, सगळे हात जोडून बसले होते आणि मी समोरच्या विजेच्या बोर्डाला किती स्क्रू आहेत ते मोजत होतो. सात होते, आठव्याची जागा मोकळी होती. बायका रडत होत्या. मला वाटत होतं की हे सगळं बंद काचेच्या पलीकडे चाललं आहे आणि ती काच वर केलेली बरी आहे.

येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा एकच गोष्ट सांगायचा. रोज सकाळी ऑइलची काडी काढून पुसून बघायची त्याची रीत होती, आणि त्या दिवशी घाईचं भाडं होतं म्हणून काडी बघायची राहिली. "माझ्यामुळं गेलं आप्पा. काडी बघितली असती तर तेल कमी हाय ते कळलं असतं." ऐकणारा नाही नाही म्हणायचा. अण्णा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. ओढून आणलेली गाडी घरामागच्या परड्यात उभी होती, तिच्याकडे तो फिरकला नाही. एक दिवस वहिनीने मला बाजूला घेऊन सांगितलं की आप्पांचा पोतं ओढायचा लोखंडी आकडा खुंटीवर नाही. अण्णा तो घेऊन वखारीत गेला होता. ज्या दारात पाऊल टाकायचं नाही म्हणून आप्पांनी आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं, त्याच दारात.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. हा असाच राहिला तर त्याचे आप्पा होतील. त्याला पुन्हा गाडीवर बसवायचं तर चूक त्याची नव्हती हे सिद्ध करायला हवं होतं, आणि ते काम मला येत होतं. तो वखारीत असताना मी परड्यात पोतं अंथरून गाडीखाली शिरलो.

पहिलं उत्तर लगेच मिळालं. ऑइलच्या टाकीला खालून ताजा पोचा होता. तेल सोडायच्या बोल्टचा कोपरा फुटला होता आणि त्यावर दगडाची पांढरी खूण होती. तेल संकेश्वरजवळ फुटलेल्या जागेतून गेलं होतं. सकाळी काडी बघितली असती तरी भरलेलीच दिसली असती. अण्णा निर्दोष होता. मी गाडीखाली आडवा पडून मोठ्याने हसलो.

मग दिव्याचं मनात आलं. तेल गेलं, प्रेशर गेलं, तर दिवा लागायला हवा होता. किल्ली फिरवून ठेवली आणि स्विचच्या डोक्यावरची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. दिवा लागला. म्हणजे बल्ब चांगला, वायर चांगली. वायर परत स्विचवर लावली. दिवा विझला. मग स्विच बिघडला म्हणायचा, पण तो तर नवा होता. तारेचा एक तुकडा घेऊन मी स्विचचं पितळी अंग आणि इंजिन एकमेकांना जोडलं. दिवा लागला.

स्विचही चांगला होता. त्याला दुसरी वायर नसते, त्याच्या अंगातूनच इंजिनाच्या लोखंडापर्यंत वीज पोचायला हवी, ती पोचत नव्हती. मध्ये माझं सूत होतं. सात वेढे, वर वाळून खडखडीत झालेला सफेदा. त्या स्विचचे आटे नागडे का ठेवतात ते मला तेव्हा कळलं. मला तेल अडवायचं ठाऊक होतं. मी वीजही अडवली होती.

स्विच काढला, सूत खरवडलं, आटे पुसून तो तसाच कोरडा परत बसवला आणि किल्ली फिरवली. इंजिन बसलेल्या त्या गाडीत, दुपारच्या उन्हात, लाल दिवा लागला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. दोनदा मीच चल म्हणालो होतो. तो थांबत होता आणि मी चल म्हणालो होतो. मग खाली उतरलो, स्विच पुन्हा काढला आणि खिशात घातला.

संध्याकाळी अण्णा आला. पाय धुताना त्याला मी दगडाचं सांगितलं, काढून आणलेला फुटका बोल्ट दाखवला. काडीचा काही संबंध नाही म्हणालो. त्याने बोल्ट हातात घेऊन फुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग त्याने विचारलं, "मग दिवा का लागला न्हाई?"

बोलायचं असतं तर तेव्हाच. मी भ्यालो, दुसरं काही नाही. म्हणालो, "बल्ब उडाला असंल."

"बल्ब," अण्णा म्हणाला. पायावर पाणी घेतलं. "बल्ब बघायचं काम माझंच की." मी एक गुन्हा त्याच्या डोक्यावरून उतरवला आणि दुसरा ठेवला, आणि शेवटची बस धरून बेळगावला आलो. सगळ्या वाटेने तो स्विच मांडीला टोचत होता.

आठवड्याच्या आत अण्णाने गाडी भंगारात दिली. उद्यमबागेत माझ्या ओळखी आहेत, इंजिन करून घेऊ, असं मी म्हणालो होतो. तो एवढंच म्हणाला, "इंजिन खोलायचं न्हाई." मी पुन्हा विचारलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. पुढे वर्षं गेली. माझं लग्न झालं, पोरं झाली, मी फोरमन झालो. नव्या पोरांना मी आटे शिकवायचो आणि कुठे सूत लावायचं नाही ते आधी सांगायचो. तो स्विच माझ्या हत्यारांच्या पेटीत होता. निपाणीला जाताना तीन-चारदा तो खिशात घालून नेला आणि तसाच परत आणला. अण्णा वखारीतच राहिला. त्याला आप्पांचा खोकला लागला. घरी कुणी ड्रायव्हर आला की तो सांगायचा, "किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो का बघत जा. माझा बल्ब उडालता." माझ्यासमोरही सांगायचा. मी पोरांच्या शाळेचं काहीतरी काढायचो.

आठ-नऊ वर्षांनी, एका रविवारी सकाळी, मी निपाणीला गेलो होतो. वहिनीचा रेडिओ खरखरत होता. तिने मला नवे चार सेल दिले आणि जुने काढायला स्क्रू-ड्रायव्हर अण्णाच्या पत्र्याच्या डब्यात आहे म्हणाली. डब्यात तळाला कापसात गुंडाळलेला एक छोटा बल्ब होता. पट्टीवरच्या दिव्याचा असतो तसा. त्याला दोन वायरी नीट पीळ देऊन जोडलेल्या होत्या. कुणीतरी तो लावून बघितल्याशिवाय त्याला वायरी असायचं कारण नव्हतं. मी चारी सेल एकापुढे एक धरले आणि वायरी टेकवल्या. बल्ब मंद लागला.

"लागतो न्हवं?" दारात अण्णा उभा होता.

माझ्या हातातले सेल निसटून खाटेवर पडले. "कधी बघितलंस?"

"तू बस धराया गेलास आन् मी काढून बघितला. लागला. मग बॉनेट उघडलं तर स्विचच्या जागी भोक." तो आत येऊन खाटेवर बसला. "सुताचा भुगा खाली सांडलाता. त्यो झाडून टाकायचा राहिला तुझा."

"बोलला का न्हाईस, अण्णा?"

"काय बोलायचं? तू चांगलं कराया गेलतास."

"मग गाडी का दिलीस? वखारीत का राहिलास?" माझा आवाज चढला. मला त्याचाच राग आला होता, इतक्या वर्षांचा.

"इंजिन खोललं असतं तर मिस्त्री इचारणार, दिवा का लागला न्हाई. मग गावभर. माझं नाव लागलंच हुतं, ऱ्हाऊ दे म्हटलं." त्याला खोकला आला, तो संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. "एकदा दुसऱ्याच्या गाडीवर बसलोतो. किल्ली फिरवली, दिवा लागला. बघवंना. उतरून घरला आलो."

मी रडायला लागलो. आप्पांच्या वेळचं असेल किंवा आत्ताचं, मला वेगळं करता आलं नाही. वहिनी आतून डोकावली आणि परत गेली. अण्णा म्हणाला, "सेल घाल. बातम्या लागत्यात आता."

मी सेल घातले. रेडिओ लागला नाही. अण्णाने तो माझ्या हातातून घेतला, झाकण काढलं, उलटा घातलेला एक सेल सरळ केला आणि रेडिओ परत माझ्याकडे दिला.